निसर्गाला सोमवार कळत नाही

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. ते तळघरातल्या हवेसारखे असतात. दार बंद असलं की आपोआप साठत जातात, आणि एक दिवस कोणी कडी काढली की सगळे एकदम अंगावर येतात! आता उज्जैनमधल्या आमच्या नानाखेड्याच्या कॉलनीत दार बंद राहतं कुठे, असं तुम्ही म्हणाल. तेही खरं. पण शेजारच्या माईंच्या घरात एक दार असं होतं, जे बंद राहावं म्हणून त्यांची सून वर्षभर धडपडत होती, आणि ते बंद राहू नये म्हणून आख्खी कॉलनी झटत होती. मला धरून.

माझं फ्रीगंजमध्ये वाढदिवसाच्या सामानाचं दुकान आहे. फुगे, टोप्या, मेणबत्त्या, चमकी. शिक्षण बारावी, तेही दुसऱ्या दमात. लोक मला भोचक म्हणतात. मी कुठे डोकावत नाही, मला दिसतं, त्याला मी काय करू? आता माईंकडे हात धुवायचं बेसिन जिन्याखाली, तळघराच्या दाराला अगदी लागून आहे. त्यामुळे मी त्यांच्याकडे जरा जास्त हात धुतो, एवढंच.

"आपल्या घरी जेवायच्या आधी कधी धुतलेले पाहिले नाहीत!" इति आमच्या सुधाताई. म्हणजे आमची पत्नी.

* * *

सुरुवात माझ्या दुकानात झाली. माईंची सून ऋता आली आणि म्हणाली, "काका, फुगे हवेत. सगळे एका मापाचे, सगळे पांढरे."

ऋता कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमच्या मध्य प्रदेशात तिच्या जागेला 'अतिथी विद्वान' म्हणतात. म्हणजे पाहुण्यासारखं बोलवायचं, आणि दर वर्षी पाहुण्यासारखंच विचारायचं, "मग, निघताय कधी?" पीएचडी झाली तर कायम नोकरीची काही आशा. ती पीएचडी बरीच रखडलेली, आणि मुदत आता शेवटची वाढवून मिळालेली. हे सगळं मला तिने सांगितलं नव्हतं. मी हात धुताना ऐकलं होतं.

मी विचारलं, "पांढरे कशाला गं? कोणाचा वाढदिवस?"

"वाढदिवस नाही काका. उलटं आहे. जन्मतात आणि तासाभरात बहुतेक मरून जातात, ते मोजायचेत."

"डास?"

"त्याहून लहान!"

मग तिने सांगितलं. जमिनीतून एक वायू निघतो, रेडॉन. सगळ्यांच्याच घरात असतो, बंद तळघरात जरा जास्त. त्याचे अणू फुटून नवे अणू होतात, ते फार थोडं जगतात. फुगा घासून खोलीत टांगला की ते त्याला येऊन चिकटतात. मग फुग्यातली हवा हळूच काढून तो मोजायच्या डबीखाली ठेवायचा. अणू मेला की डबी 'टिक' करते. सुरुवातीला टिकटिकटिक, मग टिक टिक, मग बराच वेळाने एक टिक. हे किती लवकर थंडावतं ते मिनिटामिनिटाला लिहून काढायचं. तिच्या डिपार्टमेंटला तळघर नव्हतं, माईंच्या घराला होतं. झालं!

"पण काका, फुगा नीट भारला जातो का ते आधी बघायला हवं. तुमच्या डोक्याला तेल नसतं ना?"

मी म्हटलं, "केसही फारसे नसतात."

"चालेल. कोरडे आहेत ना, बस."

आणि भर बाजारात, गिऱ्हाइकं उभी असताना, तिने माझ्या डोक्यावर फुगा घासायला सुरुवात केली! एक फुगा घासायचा, कागदाचे कपटे उचलतो का बघायचं, बाजूला ठेवायचा. दुसरा घ्यायचा. मी डोळे मिटून बसलेलो. समोरच्या बाईंनी दबक्या आवाजात विचारलं, "भैया, ये कौनसा इलाज है? बाल आते हैं क्या?"

मी काही बोलणार तेवढ्यात ऋता गंभीरपणे म्हणाली, "अभी प्रयोग चल रहा है."

त्या आठवड्यात फ्रीगंजमधले तीन टकले माझ्याकडून पांढरे फुगे घेऊन गेले. एकाने मला सांगितलं, फरक वाटतोय!

* * *

ऋता सकाळी कॉलेजला जाताना तळघरात फुगा टांगायची, दार लावायची, आणि दुपारी परत आली की मोजायला बसायची. बसली की उठायचं नाही. कारण ते अणू कोणासाठी थांबत नाहीत. "चहा परत गरम करता येतो काका, हे परत गरम होत नाही," ती म्हणायची.

एके दिवशी ती आली, तळघरात गेली, आणि खालून किंकाळी! मी योगायोगाने बेसिनपाशीच होतो. पाहतो तर फुगा एकदम चकाचक, दिव्याखाली चमकतोय.

माई मागून फडकं घेऊन आल्या. "अगं, किती धूळ बसली होती त्याच्यावर. पुसून ठेवला."

माई म्हणजे आमच्या कॉलनीची स्वच्छता. पाहुण्यांच्या चपलासुद्धा पुसून ठेवतील. ऋताचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आज या घरात सासू-सुनेचं होतंय काहीतरी. मी हात आणखी एकदा धुवायला घेतले.

पण ऋताने माईंच्या हातातलं फडकं घेतलं, आणि डबीखाली ठेवलं.

टिकटिकटिकटिकटिक!

फडकं बोलायला लागलं हो! फुग्यावरचं सगळं त्याच्यात आलं होतं. ऋताने घड्याळ बघितलं आणि भराभर आकडे लिहायला बसली. माई दाराशी उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून, माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"बघा! मी म्हटलं नव्हतं, धूळ होती?"

* * *

एकदा ग्वाल्हेरचे मामंजी आले. ऋताच्या नवऱ्याचे, म्हणजे नीलेशचे मामा, जुन्या वळणाचे. नीलेश बँकेत देवासला अपडाऊन करतो, तो घरी नव्हता. माई बाजारात. मामंजींना कोणी दार उघडलं? मीच उघडलं, शेजारधर्म म्हणून.

"सूनबाई कुठे आहे?"

मी बोटाने तळघर दाखवलं. मामंजी काठी टेकत उतरले. ऋता डबीसमोर, एका हातात पेन, दुसऱ्या हातात घड्याळ. आता मोजणी सोडली तर दिवस फुकट, आणि मामंजींच्या पाया पडलं नाही तर जन्म फुकट. पोरगी हुशार. नजर डबीवरून न काढता तशीच वाकली, अंदाजाने मामंजींच्या पायाला हात लावला.

मामंजी खूश! हात उंच करून म्हणाले, "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव!"

ऋता म्हणाली, "चारशे बारा."



* * *

मग तिला वाटलं, फुग्यावर चिकटतं तसं घराघरांत आणखी कशाकशावर चिकटत असेल, तेही बघू. कागदाचे तुकडे आणि ती डबी घेऊन कॉलनीभर फिरली. पंखा पूस, खिडकी पूस, मोज. काही घरच्या बायकांनी आणखी दोन-तीन कोपरे दाखवले, पुसतेच आहे तर तेवढंही पूस म्हणून.

आमच्याकडे तिने जुना टीव्ही पुसला. डब्याचा, जाड काचेचा, सुधाच्या माहेरचा. सुधा तो टाकू देत नाही आणि मी बंद ठेवू देत नाही. काच पुसून कागद डबीखाली ठेवला मात्र, अशी टिकटिक सुरू झाली की आमची मांजर कपाटावर चढली!

"काका, कॉलनीत सगळ्यात जास्त तुमच्याकडे!" ऋता आनंदाने ओरडली. "असल्या टीव्हीची काच फुग्यासारखीच भारलेली असते."

मी जरा घाबरलो होतो, पण 'सगळ्यात जास्त' ऐकून छाती फुगली. संध्याकाळपर्यंत बातमी चौबेजींकडे पोहोचली. चौबेजी म्हणजे आमच्या कॉलनी कमिटीचे सेक्रेटरी. ते कमिटीच्या कामाला एक फोल्डर घेऊन येतात आणि फोल्डर न उघडता तासभर बोलतात.

"दिलीपजी, सुना है आपके टीव्ही में कुछ निकला है?"

"हो ना. कॉलनीत टॉप."

चौबेजींनी ताबडतोब ऋताला बोलावून घेतलं. त्यांचा टीव्ही नवा, भिंतभर, सपाट. तिने वरपासून खालपर्यंत पुसला, डबी लावली. टिक. बराच वेळ शांतता. टिक.

"बस?" चौबेजी म्हणाले.

"अंकल, सपाट टीव्हीवर नाही चिकटत. चांगलंच आहे ना."

"अरे, इतना महँगा टीव्ही है! फिर से देखो. ठीक से पोंछा नहीं होगा."

तिने तीनदा पुसला. मग चौबेजी माझ्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "आपका वाला बेचेंगे?"

* * *

मी काही तो विकला नाही, आणि चौबेजी रागावले. रागावलेला माणूस आणि न उघडलेला फोल्डर, दोन्ही वाईट. पुढच्या रविवारी चौबेजींनी माईंच्याच बैठकीच्या खोलीत कमिटीची मीटिंग लावली. विषय: तळघरातला प्रयोग बंद करण्याबाबत. रहिवासी भागात रेडिएशन वगैरे!

थट्टा वेगळी. पण तळघर गेलं की थिसिस गेला, आणि मुदत काही परत वाढणार नव्हती. माई तर पदराचं टोक बोटाला गुंडाळत कोपऱ्यात बसल्या होत्या. ऋता मात्र शांत. ताजा फुगा उतरवून, हवा काढून आणला, टेबलावर डबीखाली ठेवला. टिकटिकटिकटिक! सगळी कमिटी एक-एक खुर्ची मागे सरकली.

"अंकल, आप बोलिए. मैं बाद में बोलूँगी."

चौबेजींना एवढंच हवं होतं. ते सुरू झाले. कॉलनी कशी वसली, नाली कोणी बांधून घेतली, पाण्याच्या टाकीचं श्रेय कोणाचं. पोहे आले, पोहे संपले. चौबेजी लहान मुलांच्या आरोग्यापर्यंत आले. सेव आली. सेवही संपली. शेवटी ते पाणी प्यायला थांबले तेव्हा बैठकीत एकदम शांत वाटलं. कमिटीतल्या एका बाईंनी विचारलं, "अरे, वो आवाज़ कहाँ गई?"

डबी बघितली. आकडा सुरुवातीच्या निम्म्यावर आला होता.

ऋता हात जोडून म्हणाली, "अंकल के भाषण में आधा ख़त्म हो गया. आप बोलते रहिए, अंकल. बाकी भी चला जाएगा. इसका यही इलाज है."

हशा पिकला तो पिकलाच! चौबेजीसुद्धा हसले. त्यांना वाटलं, आपल्या बोलण्यात काहीतरी गुण आहे. त्यांनी तिथल्या तिथे परवानगी दिली, तीही लांबलचक.

तेव्हापासून आमच्या गल्लीत वेळ चौबेत मोजतात. सुधा फोनवर माहेरी बोलायला बसली की मी विचारतो, "अर्धा चौबे की पूर्ण?"

* * *

सगळं रुळावर आलं असं वाटत होतं, आणि ऋताचा चेहरा उतरायला लागला. सोमवारी-सोमवारी.

तिच्या सगळ्या दिवसांचे आकडे सारखे यायचे, थोडं इकडे-तिकडे. फक्त सोमवारी फुग्यावर काही चिकटतच नसे. अगदी थोडं. मंगळवारी परत ठीक. पुढच्या सोमवारी परत धाडकन खाली! तिचे गाइड सर इंदूरहून यायचे. ते कागद बघून म्हणाले, "ये डेटा गड़बड़ है. प्रकृति को क्या पता कि आज सोमवार है?"

ऋता वैतागून म्हणाली, "सर, उज्जैन में सबको पता होता है!"

हसण्यावारी गेलं, पण सरांनी जाताना सांगितलं, कारण सापडलं नाही तर हे आकडे थिसिसमध्ये जाणार नाहीत. आणि सोमवार वगळले तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवील? मुदत तर दाराशी येऊन उभी.

तिने मला विचारलं, "काका, तुम्हाला सगळ्यांचं सगळं माहीत असतं. सोमवारी आपल्याकडे काय वेगळं होतं?"

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गुणाची कोणी कदर केली! मी बोटांवर मोजून सांगितलं. महाकालाच्या वाटेला गर्दी. माझं दुकान बारानंतर उघडतं. सुधाचा उपवास. माईंचा उपवास, त्या सकाळी दर्शनाला जाऊन येतात. चौबेजी दाढी करत नाहीत. ऋताने सगळं ऐकून घेतलं, आणि पुढच्या सोमवारी कॉलेजला जाते असं सांगून निघाली, गल्लीला वळसा घालून मागच्या दाराने आत आली आणि तळघरात जुन्या कूलरमागे बसून राहिली.

पुढचं मला तिनेच सांगितलं, आणि मग माईंनी, आणि दोघींचं जुळतं.

दुपारी दार उघडलं. माई हातात धुपाटणं घेऊन खाली उतरल्या. फुग्यासमोर उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर घेतला. धुपाटणं फुग्याभोवती ओवाळलं, धुराने खोली भरली, आणि डोळे मिटून म्हणाल्या, "महाकालबाबा, या फुग्याला यश दे."

कूलरमागून आवाज आला, "माई!"

माईंच्या हातून धुपाटणं पडलं. नंतर त्या म्हणाल्या, "अहो, मला वाटलं फुगाच बोलला!"

घरात रोजच देवघरात धूप असतो, त्यामुळे वासावरून कधी कोणाला संशय आला नव्हता. ऋता कपाळाला हात लावून पायरीवर बसली. माई घाबरून तिच्याशेजारी बसल्या. "अगं, चार वर्षं बघतेय तुला. कॉलेज करतेस, स्वैपाक करतेस, मग इथे अंधारात येऊन बसतेस. मला त्यातलं अक्षर कळत नाही. मला जे येतं तेवढं मी करत होते. त्याने बिघडलं का गं?"

ऋता म्हणाली, धुराचे बारीक कण त्या अणूंना हवेतच कडेवर उचलून घेतात, ते फुग्यापर्यंत पोहोचतच नाहीत. माई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या धुपानेच तुझा फुगा उपाशी राहिला."

"हो माई."

"आता सोडते. देवाला सांगते वरूनच."

ऋता एकदम उठली. "नाही माई, सोडायचं नाही. पुढच्या सोमवारी दुप्पट करा. त्याच्या पुढच्याला निम्मा. जमेल?"

माई म्हणाल्या, "देवाच्या कामात निम्मं-दुप्पट काय असतं? जे असतं ते पुरतं असतं."

पण केलं हो त्यांनी! स्वैपाकघरातला छोटा काटा आणून माई धूप तोलायला लागल्या. कोळसासुद्धा त्याच मापाचा. मी एकदा बेसिनपाशी खाकरलो तर आतून ओरडल्या, "दार लावा! प्रयोग चालू आहे!"

* * *

थिसिस मुदतीत गेला. धुपाचा एक पूर्ण चॅप्टर घालून. आता हा शेवटचा किस्सा.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक यायचे होते. त्यांनी आधीच कळवलं होतं की बाकी ठीक आहे, पण धुपाच्या चॅप्टरवर आपला विश्वास नाही, जागा स्वतः बघितल्याशिवाय सही करणार नाही. गाइड सर ऋतापेक्षा जास्त घाबरलेले.

त्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो. शेजारच्या पूजा-सामानाच्या दुकानात एक गृहस्थ उभे, जाड चष्मा, खांद्याला पिशवी. एक उदबत्तीचा पुडा घेतला, एक काडेपेटी घेतली. मग माझ्याकडे येऊन स्वच्छ मराठीत, म्हणजे आमच्यासारख्या नाही, तिकडच्या, महाराष्ट्रातल्या मराठीत विचारलं, "नानाखेड्याला रिक्षा कुठून मिळेल?"

मी आपलं सहज विचारलं, "दर्शनाला आलात वाटतं?"

"छे! मी देवळात जात नाही."

म्हटलं, असेल बुवा. कोणी कशालाही उदबत्ती लावतं.

दुपारी माईंकडे दाल-बाफल्यांचा, म्हणजे डाळ आणि तुपात बुडवलेल्या कणकेच्या गोळ्यांचा बेत. शेजारधर्म म्हणून वाढायला मी आणि सुधा. खाली ऋताने फुगा टांगून दार लावलेलं. जेवण होईपर्यंत तो भरेल, मग सगळ्यांसमोर मोजायचा. पाटावर परीक्षक बघतो तर कोण? सकाळचे जाड चष्मेवाले! मी तोंड उघडलं, "अहो साहेब, सकाळी तुम्ही..."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काका, तूप वाढा जरा."

मी तूप वाढलं. जेवता-जेवता मध्येच ते उठले. "डाळीने हात भरले, धुऊन येतो." सुधाने मोरीकडे बोट दाखवलं, पण ते बेसिनकडे गेले. बराच वेळ आले नाहीत. हात धुवायला इतका वेळ फक्त मला लागतो!

जेवणं झाली. ऋताने श्वास रोखून धावतच फुगा वर आणला, हवा काढली, डबीखाली ठेवला. आम्ही सगळे भोवती. माई देवघराच्या उंबऱ्यावर, हात जोडून.

टिक.

टिक.

सगळे थांबले. आणखी एक टिक. बस! चौबेजींच्या टीव्हीएवढीसुद्धा टिकटिक नाही. ऋताचा चेहरा पांढरा झाला, फुग्यापेक्षा. गाइड सर चटकन पुढे आले आणि तिच्या कानाशी कुजबुजले. पण कुजबुज मला ऐकू येते. "बोल दो फुग्गा ठीक से घिसा नहीं था. दूसरा टाँग देते हैं. शाम तक रोक लेंगे इनको."

चार वर्षांची मेहनत, शेवटची मुदत, समोर सही न करणारा माणूस. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते वाक्य सरांनी तयार करून हातात दिलं होतं. मी मनात म्हटलं, बोल पोरी, बोलून टाक!

ऋता म्हणाली, "नाही सर. फुगा मी नीट घासला होता. हा आकडा धुराचाच आहे. माझा चॅप्टर बरोबर असेल तर कोणीतरी आज खाली धूर केलाय."

सगळ्यांनी माईंकडे बघितलं.

माई उभ्या राहिल्या. "शप्पथ! आज मी देवघरातसुद्धा काही लावलेलं नाही. पाहुणे यायचे म्हणून." मग सुनेच्या चेहऱ्याकडे बघितलं, ताठ मानेने तळघराच्या दाराशी गेल्या, दार जरासं उघडलं, नाक आत घातलं. "मोगरा," म्हणाल्या. "आमच्या घरात मोगऱ्याची उदबत्ती येत नाही. माझं डोकं दुखतं त्याने."

परीक्षक खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, चौबेजींची स्कूटर होती फक्त.

माझ्या जिभेवर आलं होतं सगळं. सुधाने कोपर मारलं. मी आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खी बातमी गिळली, वरून ताक प्यालो.

परीक्षकांनी वळून ऋताला विचारलं, "सही कुठे करायची?"

तिने कागद पुढे केला. त्यांनी पेन काढायला खिशात हात घातला, आणि पेनाबरोबर काडेपेटी बाहेर येऊन फरशीवर पडली. खुळखुळ वाजली. त्यांनी शांतपणे सही केली, खाली दोन रेघा मारल्या.

माईंनी वाकून काडेपेटी उचलली, पदराने पुसली, आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"साहेब," माई म्हणाल्या, "आमच्याकडे हे सोमवारी असतं. आज बुधवार आहे."